हिब्रू आणि ज्यू धर्म विद्यापीठात शिकतात, म्हणजे नेमके काय शिकतात?

मध्य रेल्वेच्या मस्जिद स्थानकावर रोज उतरणाऱ्या हजारो माणसांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, त्या नावातली मशीद बहुधा मुसलमानांची नव्हे. तिथून जवळच सॅम्युअल स्ट्रीटवर 'शआर हारहामीम', म्हणजे 'दयेचे द्वार', या नावाचे १७९६ मध्ये स्थापन झालेले ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. कोकणातून मुंबईत आलेले बेने इस्रायली ज्यू आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत आणि त्यावरूनच स्थानकाला हे नाव पडले, असे सांगितले जाते.

नावावरून समज करून घ्यावा आणि तो चुकावा, हे या विषयाच्या बाबतीत वारंवार घडते. ओळखीच्या एका घरातल्या मुलीने परदेशी विद्यापीठात 'हिब्रू आणि ज्यू अध्ययन' हा विषय घेतला, तेव्हा आजीने विचारले, "अगं, म्हणजे ती आता धर्म बदलणार की काय?" काकांना ती इस्रायलच्या बाजूची आहे की विरोधातली, हे जाणून घ्यायचे होते. वडील काही बोलले नाहीत, पण फीचा आकडा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. तिघांच्याही शंका रास्त होत्या. मात्र त्यांची उत्तरे द्यायची तर आधी त्या वर्गात फळ्यावर काय लिहिले जाते, हे पाहायला हवे.

धर्म शिकणे आणि धर्माविषयी शिकणे

जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे ज्ञानेश्वरी शिकणारा विद्यार्थी पुढे कीर्तनाला उभा राहतो; ओवी त्याच्या उपासनेचा भाग असते. तीच ज्ञानेश्वरी विद्यापीठाच्या मराठी विभागातही शिकवली जाते. तिथे एखाद्या ओवीचे कोणते पाठभेद आहेत, अमुक शब्द तेराव्या शतकात कोणत्या अर्थाने वापरला जाई, हे प्रश्न विचारले जातात आणि ते विचारणाऱ्याच्या गळ्यात माळ आहे की नाही, याची चौकशी कोणी करत नाही.

ज्यू परंपरेतही हेच दोन मार्ग आहेत. पहिला येशिवाचा, येशिवा म्हणजे धर्मग्रंथांच्या पारंपरिक अध्ययनाची पाठशाळा. दुसरा विद्यापीठाचा, जिथे ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि नास्तिक विद्यार्थी एकाच बाकावर बसू शकतात. ग्रंथ पुष्कळदा तेच असतात, पण परीक्षेत श्रद्धेला गुण नसतात. आजींच्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते, आणि एक गोष्ट त्यात भर घालण्यासारखी आहे: ज्यू धर्म धर्मप्रसार करणारा नाही. बाहेरून कोणी येऊ इच्छिलाच, तर त्याला आधी परावृत्त करून पाहण्याची रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, जुनी प्रथा आहे.

बावीस अक्षरे आणि 'ध चा मा'

हिब्रूत बावीस अक्षरे आहेत, ती उजवीकडून डावीकडे लिहितात आणि ती सगळी व्यंजने आहेत. त्यांतली तीन-चार व्यंजने स्वराची खूण म्हणूनही वापरली जातात, पण एरवी वाचणाऱ्याने स्वर मनाने भरायचे असतात. मोडी वाचणाऱ्याला ही कसरत परकी वाटणार नाही: ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत मोकळी जागा नाही, तरीही सरावलेली नजर अडखळत नाही, कारण तिला वाक्य कुठे चालले आहे, हे माहीत असते. हिब्रू अक्षरांच्या खाली-वर दिसणाऱ्या स्वरांच्या खुणा पुष्कळ नंतरच्या आहेत. सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान तिबेरियास येथील मासोरेत नावाच्या पंडितांनी त्या पक्क्या केल्या. आजही त्या मुख्यतः धर्मग्रंथांत, कवितेत आणि मुलांच्या पुस्तकांत आढळतात; वर्तमानपत्रात नसतात.

मराठी माणसाला एका अक्षराची किंमत वेगळी सांगायला नको. 'धरावे'चे 'मारावे' झाले आणि नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, ही कथा खरी असो वा रचलेली, 'ध चा मा' हा वाक्प्रचार तिने दिला. हिब्रूतली अशी जोडी म्हणजे 'दालेत' आणि 'रेश', म्हणजे आपले द आणि र. दालेतच्या कोपऱ्याला जरासे टोक असते, रेशचा कोपरा गोलसर असतो. लेखणी किंचित घसरली की एकाचे दुसरे होते. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात, दहाव्या अध्यायात, एका लोकसमूहाचे नाव 'दोदानीम' असे येते आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तीच वंशावळ पुन्हा दिली आहे, तिथे ते 'रोदानीम' असे आहे. कोणीतरी नकल करताना चुकला, हे उघड आहे. कोण चुकला, हे शोधणे हा विद्यापीठातल्या अभ्यासाचा अगदी पहिला धडा म्हणता येईल.

परंपरेलाही हा धोका ठाऊक होता. ज्यूंची सर्वांत परिचित प्रार्थना 'श्मा' या नावाने ओळखली जाते. 'ऐक, इस्राएल' अशी तिची सुरुवात होते आणि पहिल्या ओळीचा शेवट 'एहाद', म्हणजे 'एक', या शब्दाने होतो: ईश्वर एक आहे. या 'एहाद'मधल्या दालेतचा रेश झाला, तर तो शब्द 'दुसरा' या अर्थाचा होऊन बसेल आणि एकेश्वरवादाचे महावाक्यच उलटे होईल. तोराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, हस्तलिखित गुंडाळीत हा दालेत मुद्दाम मोठा काढतात आणि त्याचे हेच कारण सामान्यतः सांगितले जाते. ही प्रार्थना लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

हिशेब आणि हेश्बोन

हिब्रू ही सेमिटिक कुळातली भाषा आहे, म्हणजे अरबीची नातलग. या कुळातले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात आणि स्वर बदलत गेले की अर्थ बदलत जातो. मराठीत पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तुटणे–तोडणे, फिटणे–फेडणे अशा जोड्यांत शब्दाच्या पोटातला स्वर बदलून अर्थ फिरतो. आपल्याकडे हा प्रकार थोड्या क्रियापदांपुरता आहे. हिब्रूत सगळा संसारच त्यावर चालतो.

क–त–ब हा धातू लिहिण्याचा. त्यापासून 'काताव' म्हणजे त्याने लिहिले, 'मिख्ताव' म्हणजे पत्र, 'क्तोव्हेत' म्हणजे पत्ता आणि 'केतुबा' म्हणजे विवाहाचा करारनामा. काही जागी हिब्रूत ब चा उच्चार व आणि क चा ख असा होतो, तेवढी सवय झाली की हाच धातू अरबी-फारसीच्या वाटेने आपल्या घरात केव्हाच येऊन बसला आहे, हे ध्यानात येते: किताब, कातिब, मकतब. आपली 'कबर' म्हणजे हिब्रूतली 'केव्हेर'. आपला 'सलाम' म्हणजे तिकडचा 'शालोम'. किराणा दुकानदार ज्याला 'हिशेब' म्हणतो, त्याच धातूपासून हिब्रूतला 'हेश्बोन' झाला. जेरुसलेमच्या उपाहारगृहात बिल मागताना हाच शब्द वापरतात, आणि संगणकालाही त्याच धातूपासून 'माहशेव्ह' हे नाव दिले आहे. 'हिब्रू फार परकी' अशी धास्ती घेतलेल्या मराठी विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात अशी वही करून पाहावी.

हिब्रू, पण कोणती?

अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रात 'बायबलकालीन हिब्रू' आणि 'आधुनिक हिब्रू' असे दोन वेगळे विषय दिसतात आणि गोंधळ इथून सुरू होतो. लीळाचरित्राची मराठी आणि आजच्या अग्रलेखाची मराठी या दोन्ही मराठीच. पण एक येणाऱ्याला दुसरी आपोआप येत नाही. बायबलची हिब्रू, त्यानंतरची मिश्ना या नियमसंकलनाची हिब्रू, मध्ययुगातल्या कवींची व तत्त्वज्ञांची हिब्रू आणि आजच्या इस्रायलमधली बोलीभाषा यांच्यात नाते घट्ट आहे, पण क्रियापदाचे वळण, शब्दसंग्रह आणि वाक्यरचना बदलत गेलेली आहे.

'मेलेली भाषा जिवंत केली' असे हिब्रूबद्दल नेहमी म्हटले जाते. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांनंतर ती कोणाच्या घरात बोलली जात नव्हती, हे खरे. पण तिच्यात प्रार्थना, कविता, कायद्याचे निवाडे आणि दूरदेशीची पत्रे अखंड लिहिली जात होती, जशी काशीतल्या आणि पैठणच्या पंडितांत संस्कृत चालत असे. हिब्रू पुन्हा बोलीत आणण्याचा ध्यास घेतलेले एलिएझर बेन येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला गेले आणि १८८२ मध्ये जन्मलेल्या मुलाच्या कानांवर त्यांनी हिब्रूखेरीज दुसरी भाषा पडू दिली नाही, ही गोष्ट फार सांगितली जाते. खरा भार मात्र शाळांनी आणि वेगवेगळ्या देशांतून आलेल्या, एकमेकांशी बोलायला दुसरी भाषाच नसलेल्या कुटुंबांनी उचलला. शब्द घडवण्याची तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. सावरकरांनी 'महापौर' आणि 'दिनांक' रुळवले, तसे बेन येहुदांनी 'एत', म्हणजे काळ, यावरून वर्तमानपत्रासाठी 'इतोन' आणि 'मिला', म्हणजे शब्द, यावरून शब्दकोशासाठी 'मिलोन' हे शब्द काढले. त्यांचे सगळे शब्द टिकले नाहीत. आपल्याकडेही टिकले नाहीत.

तालमूदचे एक पान

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. ज्यू धर्म म्हणजे 'जुना करार' अशी आपली समजूत असते. ती वेद वाचले म्हणजे हिंदू धर्म कळला, असे मानण्याइतकीच अपुरी आहे. तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तके, हा पाया. त्यावरच्या मौखिक नियमपरंपरेचे संकलन इसवी सन २०० च्या सुमारास झाले, ती मिश्ना. मिश्नावर पुढच्या काही शतकांत झालेल्या चर्चा म्हणजे गेमारा, आणि मिश्ना व गेमारा मिळून तालमूद. सूत्र, भाष्य, टीका ही उतरंड आपल्याला पाठच आहे. फरक इतकाच की, इथे ती सगळी एका पानावर एकाच वेळी दिसते.

बाबिलोनी तालमूदचे पहिले पान उघडले, तर त्यावर आकडा असतो दोनचा. पहिला क्रमांक मुखपृष्ठाला गेलेला असतो. पानाच्या मधोमध ठळक अक्षरांत मूळ मजकूर. बांधणीच्या बाजूला राशींची टीका. हे राशी म्हणजे भविष्यातल्या राशी नव्हेत, तर अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेले रब्बी. बाहेरच्या बाजूला 'तोसाफोत', म्हणजे त्यांच्या नातवांच्या पिढीपासून पुढे त्यांच्याशीच घातलेला वाद. १५२० च्या सुमारास व्हेनिसमध्ये डॅनिएल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने संपूर्ण तालमूद छापताना ही मांडणी पक्की केली आणि आजही पान तसेच दिसते.

मजकुराची सुरुवात अशी: संध्याकाळचा श्मा कोणत्या वेळेपासून म्हणावा? उत्तरात कधीपर्यंत म्हणावा, यावर तीन मते दिली आहेत. रब्बी एलिएझर म्हणतात, रात्रीचा पहिला प्रहर संपेपर्यंत. इतर विद्वान म्हणतात, मध्यरात्रीपर्यंत. रब्बान गम्लिएल म्हणतात, पहाट फुटेपर्यंत. लगेच एक प्रसंग येतो. गम्लिएलांची मुले मेजवानीहून उशिरा घरी आली आणि म्हणाली, आमचा श्मा राहिला. वडील म्हणाले, पहाट झाली नसेल, तर अजून म्हटला पाहिजे. यावर गेमारा विचारते की, मुळात 'कधीपासून' हा प्रश्न कशाच्या आधारावर आला, आणि सकाळ सोडून संध्याकाळपासूनच सुरुवात का केली? मग तोरातले वचन पुढे येते: 'निजताना आणि उठताना'. शिवाय सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथेत संध्याकाळ आधी आणि सकाळ नंतर आहे; ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो तो यामुळेच.

या पानावर निकालापेक्षा वादाला जागा अधिक आहे, आणि ज्यांचे मत स्वीकारले गेले नाही त्यांचेही नाव पुसलेले नाही. विद्यापीठातला विद्यार्थी हे पान घेऊन आणखी वेगळे प्रश्न विचारतो: मिश्ना हिब्रूत आणि गेमारा मुख्यतः आरामाइक भाषेत का, मेजवानीची ही गोष्ट नियमाला पुष्टी देते की त्याला छेद देते, आणि हस्तलिखितांत इथे कोणते पाठभेद आहेत. एका तासिकेत चार ओळी पुऱ्या झाल्या तरी पुष्कळ.

ज्यू नसलेल्यांनी सुरू केलेला विषय

'आपला काय संबंध?' या आक्षेपाला इतिहासाने मोठे गमतीदार उत्तर देऊन ठेवले आहे. आठव्या हेन्रीने १५४० मध्ये केंब्रिजला आणि १५४६ मध्ये ऑक्सफर्डला हिब्रूचे राजप्राध्यापक नेमले. त्या काळी इंग्लंडमध्ये ज्यूंना राहण्याचीच परवानगी नव्हती. १२९० मध्ये त्यांना देशातून हाकलले होते आणि १६५६ नंतरच ते पुन्हा उघडपणे राहू लागले. म्हणजे भाषेला सिंहासन आणि भाषकाला दार बंद, असा सगळा प्रकार. ऑक्सफर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्याला पदवी मिळण्याचा मार्ग तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंदच होता. धर्माची अट न घालणारे लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज १८२८ मध्ये सुरू झाले, तेव्हा तिथे हिब्रूच्या अध्यासनावर हायमन हर्विट्झ हे स्वतः ज्यू असलेले प्राध्यापक बसले.

हिब्रू शिकण्यामागे तेव्हा ख्रिस्ती धर्मशास्त्राची गरज होती. ऑक्सफर्डच्या संस्कृतच्या बोडेन अध्यासनाची कुळकथाही अशीच आहे. कंपनीच्या मुंबई लष्करात नोकरी केलेल्या कर्नल बोडेन यांनी बायबल संस्कृतात जावे आणि हिंदूंचे धर्मांतर सोपे व्हावे, म्हणून त्यासाठी पैसे ठेवले होते. पण संस्था ज्या हेतूने निघते, त्याच हेतूने चालत राहते, असे नाही. १८१९ मध्ये बर्लिनमध्ये लिओपोल्ड झुन्झ आणि त्यांच्या तरुण मित्रांनी मंडळ काढले, ते ज्यूंच्या ग्रंथांचा अभ्यास ग्रीक-लॅटिनच्या तोडीच्या शास्त्रशुद्ध पद्धतीने व्हावा म्हणून. झुन्झ यांनी १८४८ मध्ये विद्यापीठात या विषयाचे अध्यासन मागितले. प्रशियाच्या सरकारने ते नाकारले. १९२५ मध्ये जेरुसलेमचे हिब्रू विद्यापीठ सुरू झाले आणि अमेरिकेतली अध्यासनेही साधारण त्याच सुमारास आली. जुना विषय, पण त्याला विद्यापीठात हक्काची खुर्ची मिळून जेमतेम शंभर वर्षे झाली आहेत.

हे राजकारणच नाही का?

२०२३ च्या ऑक्टोबरपासून पेटलेल्या गाझातल्या युद्धामुळे आणि त्यावरून अमेरिकेतल्या विद्यापीठांत उसळलेल्या आंदोलनांमुळे काकांचा प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे. काही शब्द वेगळे ठेवले, तर निम्मा गोंधळ मिटतो. ज्यू किंवा यहुदी हा धर्म आणि समाज. इस्रायली हे नागरिकत्व, आणि इस्रायलच्या नागरिकांत अरबही आहेत. हिब्रू ही भाषा. आणि झायोनिझम म्हणजे ज्यूंचे स्वतःचे राष्ट्र असावे, ही एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली राजकीय चळवळ, जिच्याविषयी ज्यूंमध्येच पहिल्यापासून मतभेद आहेत. पुष्कळ विद्यापीठांत इस्रायलचा राजकीय अभ्यास हा विषय वेगळा असतो.

तरीही या विषयाला राजकारणाचा वारा लागत नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कोणत्या देणगीतून कोणते अध्यासन निघाले, सभागृहात कोणाला बोलावले, यावर वाद होतात आणि ते होणारच. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले, तर भाषा येणे हाच त्यावरचा उपाय आहे: ज्याला हिब्रू आणि अरबी दोन्ही वाचता येतात, तो दुसऱ्याने निवडून दिलेल्या उताऱ्यांवर अवलंबून राहत नाही.

पोटापाण्याचे म्हणाल, तर ग्रंथालये, दप्तरखाने, संग्रहालये, भाषांतर आणि अध्यापन एवढीच वाट आहे आणि ती अरुंद आहे. शिष्यवृत्तीशिवाय या विषयासाठी कर्ज काढून परदेशी जावे, असे मी कोणाला सांगणार नाही.

मराठीतली ज्यू कागदपत्रे

ज्यू समाज जिथे गेला तिथली भाषा त्याने आपली केली, म्हणून पूर्व युरोपातली यिडिश, स्पेनमधून हाकललेल्यांची लादिनो आणि हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी या भाषा या अभ्यासक्रमात मानाने शिकवल्या जातात. त्याच पंक्तीत मराठी बसते, कारण बेने इस्रायलींची ती मातृभाषा आहे.

त्यांची कथा अशी, की फार पूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात जोडपी वाचली, पोथ्या बुडाल्या आणि स्मरणात उरला तो फक्त श्मा. ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. गावांवरून नवगावकर, किहिमकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावे झाली. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा कोणी ज्यू आला. बायकांनी रांधायला घेताना खवले आणि पर नसलेली, ज्यूंना वर्ज्य असलेली मासळी बाजूला काढली, त्यावरून त्याने आपले लोक ओळखले, अशीही आठवण सांगतात. विद्यापीठाची पद्धत इथे पाहण्यासारखी आहे. ती कथेला खोटी म्हणत नाही. ही कथा प्रथम कोणी, कधी लिहिली, एवढेच विचारते. कोचीनचे व्यापारी इझिकेल राहाबी यांनी १७६८ मध्ये हॉलंडला पाठवलेल्या पत्रात मराठी मुलखातल्या अशा लोकांचा उल्लेख आहे: ते तेल गाळतात, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, विसावा घेतात आणि श्मा म्हणतात. गलबताचा पुरावा मिळत नाही, पण घाण्याचा आणि प्रार्थनेचा मिळतो.

या अभ्यासाची झळ माणसांना प्रत्यक्ष कशी लागते, हेही याच समाजाने पाहिले. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींच्या लग्नांवर १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली: यांच्या पूर्वजांचे विवाह आणि घटस्फोट तालमूदच्या नियमांप्रमाणे झाले होते का? 'केतुबा' हा शब्द तेव्हा वहीतला धातू राहिला नाही. निदर्शने झाली, धरणी धरली गेली आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू मानावे, असे जाहीर केले.

मराठीतून हिब्रू शिकण्याची सोयही आपण समजतो त्यापेक्षा जुनी आहे. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम केले. हागादा, म्हणजे वल्हांडणाच्या (इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या) रात्री घरात मोठ्याने वाचायची पोथी, मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह छापली गेली. पुण्याच्या प्रतीत बिनखमिराची भाकरी करण्याचे चित्र आहे: जमिनीवर बैठक मारून कामाला लागलेल्या बायका, अंगावर इथलीच वस्त्रे, आणि पुढे पानोपानी हिब्रूच्या सोबतीला देवनागरी. अशा पोथ्यांच्या प्रती आज दूरदेशीच्या संग्रहांतही जपून ठेवलेल्या आहेत आणि त्यांतली हिब्रू वाचू शकणारे अभ्यासक तिथे पुष्कळ आहेत. शेजारची मराठी वाचणारे फार थोडे.